आधी घडलं काय ते बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही वाचली. कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेखाली अलंकारांची यादी आणि पानाच्या समासात प्रश्न, 'इथे करुण रस की वीर?' वाचून जीव तुटला. ओळीत घडलं काय, ते आधी बघ. नाव मागाहून देता येतं.

तू नाशिकची. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो. पुराचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं की सराफ बाजारात कशी धावपळ उडते, हे तुला मी सांगायला नको. अशाच पुरात घर गेलेला माणूस कवितेत आपल्या सरांकडे येतो आणि म्हणतो, 'गंगामाई पाहुणी आली'. भिंत खचली, चूल विझली, तरी त्याला ती माहेरवाशीण पोरीसारखी वाटते. 'सारखी' दिसलं की उपमा, आणि तू मोकळी! अगं, माहेरी आलेल्या लेकीला आपण रिकाम्या हाती पाठवतो का? म्हणून तो म्हणतो, 'मोकळ्या हाती जाईल कशी'. तिनं काय काय नेलं ते मोज आता. सगळा संसार गेला, बायको तेवढी वाचली, आणि तरीही तो नदीला दोष देत नाही. त्याचा सगळा स्वभाव त्या उपमेत आहे.

आणि कवितेतले सर? त्यांच्यावर तू एक ओळही लिहिली नाहीस. ते अवाक्षर बोलत नाहीत, नुसता हात खिशाकडे जातो. तेवढ्यात तो माणूस हसत उठतो. आलेला माणूस कशासाठी आला होता, हे सरांना त्या क्षणी कळलेलं नाही. हे पाहिलंस की करुण की वीर हा प्रश्न तूच विचारणार नाहीस.

माझ्या शाळेत रस, वृत्त, अलंकार घोकून घेत. मार्क भरपूर मिळाले, कविता मात्र एकही माझी झाली नाही. वाचायचं ते वय गेलं, याची हळहळ अजून आहे. पालक म्हणतात, सर एकाच कवितेवर आठवडा घालवतात. घालवतो! परीक्षेत उपमा, चेतनगुणोक्ती लिहावं लागतं, ते लिही. दोन मिनिटांचं काम आहे. पण घडलं काय हे दिसल्याशिवाय मी पान उलटू देणार नाही. माझ्याकडे शिकलेली मुलं आज आपणहून वाचतात, मला तेवढं पुरे.

गाईड कपाटात टाक. आता कुसुमाग्रजांचंच नाटक 'नटसम्राट' घे. म्हातारे नट बेलवलकर सगळं मुलांना वाटून टाकतात, तो प्रवेश. त्यांच्या हाती काय उरलं आणि त्या वेळी त्यांची बायको कावेरी काय करते, एवढंच लिहून रविवारी आण. रसाचं नाव दिसलं तर वही परत करीन.

तुझे,
सर