पहिली गाडी लोनवर घेताय? बुकिंगआधी एवढं बघा

अभिनंदन भाऊ! आधी ऑन-रोड किमतीचा (टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून) ब्रेकअप, म्हणजे कशाचे किती पैसे, लेखी घ्या, तोंडी आकड्यावर बुकिंगचे पैसे देऊ नका. त्यातले हँडलिंग चार्जेस (गाडी आणण्या-ठेवण्याच्या नावाखाली शोरूम लावतं ते पैसे) सरळ काढायला सांगा, शोरूमवाले कुरकुर करतील पण बहुतेक काढतात.

- इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) नव्या कारला ३ वर्षांचा लागतोच, पण बाहेरचं कोटेशन दाखवलंत की यांचाही भाव उतरतो.
- टेफ्लॉन कोटिंग, अंडरकोटिंग, ॲक्सेसरी किट नंतर बाहेरून करा, हवंच असेल तर.
- लोनसोबतचा लोन सुरक्षा विमा ऐच्छिक असतो, सही करण्याआधी वाचा.

नवीन लोक हमखास फसतात ते "ईएमआयमध्ये फक्त आठशे वाढतील सर" याला, अहो असलं ४० हजारांचं सामान लोनमध्ये घातलं तर ९ टक्क्यांनी ५ वर्षांत जवळपास ५० हजारांना पडतं! एक्स्टेंडेड वॉरंटीचं नंतर बघू, ती डिलिव्हरीनंतरही घेता येते.