मायक्रोआरएनए मोजण्यापूर्वी
तुम्ही या विषयाकडे नव्याने वळत आहात, म्हणून आग्रहाने सांगतो: जनुकाचे प्रतिलेखन होते, म्हणजे त्याची आरएनए प्रत बनते, एवढ्यावरून पक्व मायक्रोआरएनए (इतर जनुकांना आवर घालणारा छोटा आरएनए) तयार होतच असेल असे गृहीत धरू नका. केंद्रकात ड्रोशा हे विकर या प्रतीचा लांबलचक प्राथमिक रेणू कापून सुमारे ७० न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या घटकांचा), केसातल्या आकड्यासारखा दुमडलेला तुकडा, म्हणजे पूर्वरूप, मोकळा करते. तो पेशीद्रवात आल्यावर डायसर हे दुसरे विकर त्यापासून सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांची दुपेडी जोडी बनवते आणि तिच्यातला एक धागा आर्गोनॉट प्रथिनात बसतो; हेच पक्व रूप. या प्रत्येक पायरीवर पेशीचा अंकुश असतो. लेट-७ या मायक्रोआरएनएचेच पाहा. भ्रूणीय मूलपेशींत त्याचा प्राथमिक रेणू आढळतो, परंतु लिन२८ हे प्रथिन पूर्वरूपाच्या फासाला चिकटून डायसरला अडवते आणि पक्व रूप जवळजवळ दिसतच नाही. हे उदाहरण माझ्या मते सर्वांत बोलके आहे. प्राथमिक, पूर्व आणि पक्व रूपे नेहमी वेगवेगळी मोजा.