करिअर बदलायचंय, नोकरी सोडायच्या आधी सुरुवात नक्की कुठून करू?

लगेच कोर्सला पैसे भरू नका, ज्या कामात जायचंय त्याच्या 20-25 जाहिराती वाचा आणि कोणती स्किल्स परत परत मागतायत ते एका कागदावर उतरवा. मी भरतीचं काम करतो, रेझ्युमेत सर्टिफिकेटांची रांग असते पण स्वतः केलेलं काम एकही नसतं, आणि आम्ही आधी शोधतो ते नेमकं तेच. यादी झाली की त्यातलं आत्ता काय येतं त्यावर टिक करा (बरंच निघतं, क्लायंट सांभाळणं, हिशोब, लोकांकडून वेळेत काम करून घेणं हे सगळीकडे लागतं), मग ते काम रोज करणाऱ्या दोन-तीन जणांशी बोला, पण "फील्ड कसंय" असलं विचारू नका, कालचा दिवस कशात गेला ते विचारा, कंटाळवाणा भाग तिथेच कळतो. मग वीकेंडला एखादं छोटं पण खरं काम करून बघा. तोवर नोकरी चालू ठेवा. फक्त वकिली, नर्सिंग असं लायसन्स लागणारं क्षेत्र असेल तर क्रम उलटा, तिथे पात्रतेचे नियम आणि शिक्षणाला किती वर्षं जातील हे सगळ्यात आधी बघा.