रोजच्या टेक्स्ट फाइली टर्मिनलवरून बघून एकत्र कशा करायच्या?

भाऊ, तुमच्या कापसाच्या जिनिंगच्या (सरकी-रुई वेगळी करण्याच्या कारखान्याच्या) वजनकाट्यावरून रोज एक टेक्स्ट फाइल येते, महिनाअखेरीस तीस-एकतीस फाइली साचतात आणि एकेक उघडून कॉपी-पेस्ट करण्यात अर्धा दिवस जातो, असं तुम्ही लिहिलंय. लिनक्सच्या टर्मिनलवरून हे जमेल का, हा प्रश्न. जमतं, मिनिटभरात जमतं. मी धरणगावकडच्या एका जिनिंगवर हिशेब बघतो, हेच काम करतो, म्हणून कुठे पाय घसरतो तेही सांगतो. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे घ्या.

मुख्य कमांड कॅट, म्हणजे सी-ए-टी. हे नाव कॉनकॅटनेट या शब्दावरून आलं, त्याचा अर्थ एकापुढे एक जोडणं. १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलातही ती आहे. एक फाइल दिली की ती पडद्यावर येते, दोन दिल्या की एकामागून एक येतात, आणि > लावून पुढे नाव दिलं की सगळं त्या नावाच्या फाइलीत जाऊन बसतं:

कॅट ०१.टीएक्सटी ०२.टीएक्सटी > महिना.टीएक्सटी

एकच > असेल तर महिना.टीएक्सटी मधला जुना मजकूर आधी पुसला जातो. मागे जोडायचं असेल तर >> लावा. आणि ज्या फाइली जोडताय त्यांतल्याच एखादीचं नाव > च्या पुढे कधीही देऊ नका. शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आधी ती फाइल रिकामी करतो, मग कमांड चालते. त्या दिवसाचा माल गेला म्हणून समजा.

नुसतं बघायचं असेल तर मोठ्या फाइलीला कॅट लावू नका, सगळं भरभर वर निघून जातं. लेस, म्हणजे एल-ई-एस-एस, वापरा. मोठा जी दाबला की शेवट, छोटा जी दाबला की सुरुवात, / टाकून गाडी नंबर लिहिला की थेट त्या ओळीवर, क्यू दाबला की बाहेर. सीझनमध्ये रात्री गाड्या चालू असताना टेल -एफ लावून ठेवतो. काट्यावर पावती फाटली की ओळ खाली येते.

आता खरी गोष्ट. पहिल्याच सीझनला मी कॅटने महिना जोडला, एक्सेलमध्ये उघडला, बेरीज घेतली, पेमेंटची यादी काढली. दोन दिवसांनी एरंडोल तालुक्यातले एक शेतकरी काटा पावती हातात धरून समोर उभे. यादीत त्यांचं नावच नाही. मी फाइल उघडली तर १४ तारखेची शेवटची ओळ १८४० किलोवर संपत होती आणि तिला चिकटूनच १५ तारखेची पहिली ओळ सुरू होत होती:

१४-११, ८२३, एमएच १९, १८४०१५-११, ८२४, एमएच १८…

काट्याच्या सॉफ्टवेअरने १४ च्या फाइलीत शेवटी एंटर टाकलाच नव्हता. दोन गाड्यांची एक ओळ झाली, वजनाच्या जागी तारीख मिसळली, एक्सेलने ते आकडा म्हणून धरलंच नाही, आणि दोन्ही शेतकऱ्यांचं वजन बेरजेतून गेलं. महिनाभर वेचणी करून आणलेला कापूस होता तो. तेव्हापासून फाइलींचा सांधा बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

सांधा बघायला कॅट -ई, पण ई मोठा. प्रत्येक ओळीच्या शेवटी $ दिसतो. शेवटच्या ओळीला $ नसेल आणि टर्मिनलचा प्रॉम्प्ट (पुढची कमांड लिहायची खूण) त्या वजनालाच लागून आला असेल, तर एंटर नाही. ई च्या जागी मोठा ए लावला तर विंडोजवरून आलेल्या फाइलीत $ च्या आधी ^एम, म्हणजे विंडोजची ओळ संपल्याची जादा खूण, दिसतो, तोही कामाचा; फक्त गावांची देवनागरी नावं तेव्हा विचित्र दिसतात, फाइल बिघडली असं समजू नका.

जोडायला मी आता कॅट वापरतच नाही, ऑक वापरतो, म्हणजे ए-डब्ल्यू-के:

ऑक १ *.टीएक्सटी > ../महिना.टीएक्सटी

तो १ म्हणजे "प्रत्येक ओळ छाप", आणि *.टीएक्सटी म्हणजे या फोल्डरमधल्या सगळ्या टीएक्सटी फाइली. छापताना ऑक प्रत्येक ओळीला स्वतः एंटर लावतो, त्यामुळे सांधा सुटा राहतो. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर शीर्षकाची ओळ असेल तर १ च्या जागी 'एफएनआर>१' लिहा, अवतरणचिन्हासकट आणि मोठ्या अक्षरात. पहिल्या ओळी गळून जातात. निकाल बाहेरच्या फोल्डरमध्ये टाकलाय ते मुद्दाम. आतच ठेवला तर पुढच्या वेळी * त्यालाही उचलतो.

फाइलींची नावं ०१, ०२ अशीच ठेवा. नुसतं १, २ ठेवलंत तर १ नंतर १०, ११ येतात आणि २ खूप मागे पडतो.

डब्ल्यूसी -एल ने ओळी मोजून ताळा करावा असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही. ती कमांड ओळी मोजत नाही, एंटर मोजते. कॅटने जोडलेल्या फाइलीत चिकटलेली ओळ असली तरी सुट्या फाइलींची बेरीज आणि जोडलेल्या फाइलीचा आकडा तंतोतंत जुळतो. माझाही जुळला होता. ताळा पावती बुकाशीच करा: पहिली पावती कोणती, शेवटची कोणती, मधल्या रद्द किती. तो आकडा जोडलेल्या फाइलीच्या ओळींशी जुळला तरच यादी काढा.

अडलात तर १४-१५ सारख्या कुठल्याही दोन फाइलींचा शेवट आणि सुरुवात कॅट -ई लावून इथे टाका, नावं आणि गाडी नंबर खोडून. मी बघतो.