स्विफ्ट तर स्विफ्ट, पण कुठल्या शेपची?

प्रश्न : आमच्या आण्णांकडं २००८ ची स्विफ्ट डिझेल आहे. आता इंजिन जरा आवाज करायलंय, पण विकूया म्हटलं की आण्णा म्हणतात असली गाडी परत होणार नाही. मी म्हणायलोय नवीन स्विफ्टच घेऊया की, नाव तर तेच आहे. रोज जेवताना हाच विषय. खरंच एवढा फरक असतोय काय? — एक वाचक, निपाणी

उत्तर : तुमचं भांडण मिटायचं नाही बगा, कारण तुम्ही दोघं दोन वेगळ्या गाड्यांबद्दल बोलायलाय. मागच्या डिकीवर नाव एकच असलं तरी आतापर्यंत चार शेप, म्हणजे चार पिढ्या, आल्यात आणि प्रत्येक शेपमध्ये आतलं बरंच बदललंय.

पहिली आली मे २००५ ला. तेव्हा आपल्याकडं छोटी गाडी म्हणजे ८००, अल्टो, झेन नाहीतर सॅन्ट्रो, आणि त्यात ही गुबगुबीत, काळ्या खांबांची, छत वर तरंगतंय असं वाटणारी गाडी आली. लोक थांबून बघायचे. पण इंजिन नवीन नव्हतं, एस्टीमच्या घराण्यातलंच १.३ लिटर पेट्रोल, १२९८ सीसी. मग २००६ च्या बजेटमध्ये सरकारनं ठरवलं की चार मीटरच्या आतली गाडी आणि पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर एक्साइज (कारखान्यातला कर) २४ टक्क्यांवरून १६ टक्के. पेट्रोल स्विफ्ट ९८ सीसीनं हुकली! २०१० ला त्याच गाडीत ११९७ सीसीचं के-सिरीज इंजिन आलं ते काही उगाच नाही. ही चार मीटरची रेघ अजून तशीच आहे, सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आणला तोसुद्धा याच मापावर.

आता आण्णांच्या गाडीकडं येऊ. डिझेल २००७ च्या सुरुवातीला आलं, ते मूळ फियाटचं मल्टिजेट, १२४८ सीसी, ताकद ७५ पीएस (म्हणजे साधारण तेवढे हॉर्सपॉवर). आकडा बघून कोणी म्हणेल यात काय विशेष, पण टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १९० एनएम आणि तोही २००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे). दोन हजारच्या खाली ही गाडी झोपलेली असते, तिथनं पुढं मात्र मागनं कोणीतरी ढकलल्यासारखं होतंय. तवंदी घाटात उसाच्या ट्रकमागं अडकून मग ओव्हरटेक करताना आण्णांना जे सुख मिळतंय ना, ते हे. हेच इंजिन पुंटोत होतं, इंडिका व्हिस्टात होतं, आणखी कशाकशात होतं, लोक चेष्टेनं नॅशनल इंजिन म्हणायचे.

दुसरा शेप ऑगस्ट २०११ चा. चाकांमधलं अंतर २३९० वरून २४३० मिमी झालं, म्हणजे मागं बसणाऱ्याच्या गुडघ्याला जरा बरं, पण डिकी फक्त २०४ लिटर. कोल्हापूरला दोन दिवस लग्नाला जायचं म्हटलं तरी निम्मं सामान मांडीवर. तरी माझं वैयक्तिक मत विचाराल तर आपल्या रस्त्यांना सगळ्यात पटलेली स्विफ्ट म्हणजे या शेपमधली डिझेलच.

तिसरा शेप २०१८ चा. यात हार्टेक्ट नावाचा नवा सांगाडा आला, वजन घटलं, पेट्रोल गाडी साडेआठशे किलोच्या जरा वर, डिकी २६८ लिटर, क्लचचं पेडल नसलेली एएमटी पण आली. ग्राउंड क्लिअरन्स (रस्ता आणि गाडीचं पोट यातलं अंतर) मात्र १७० चा १६३ मिमी झाला, सात मिमी म्हणजे काहीच नाही असं शोरूममध्ये वाटतंय, गावातल्या बिनरंगाच्या स्पीडब्रेकरवर पोट घासलं की कळतंय. हलकी म्हणून मायलेज छान, पण दार लावताना येणारा आवाज आण्णांना आवडला नसणार. दाराच्या आवाजावरनं सेफ्टी कळत नाही म्हणा. गाडी आदळून सेफ्टी तपासणाऱ्या ग्लोबल एनसीएपी संस्थेच्या टेस्टमध्ये (जास्तीत जास्त पाच स्टार) दुसऱ्या शेपची बिनएअरबॅगची गाडी २०१४ ला शून्य स्टार होती, तिसऱ्या शेपला २०१८ ला दोन मिळाले आणि २०२२ ला नियम कडक झाल्यावर एकच. म्हणजे जुनी जड होती म्हणून भक्कम होती हे जे कट्ट्यावर सांगतात ते तेवढं खरं नाही.

एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि मारुतीनं डिझेलच बंद केलं, एवढ्या छोट्या डिझेलचा धूर साफ करायचा खर्च गाडीच्या किमतीत बसेना. तिथं आण्णांची गाडी खऱ्या अर्थानं संपली. मे २०२४ ला आलेल्या चौथ्या शेपमध्ये पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचं आहे, ८२ पीएस, कंपनीचं मायलेज लिटरला २४.८ किलोमीटर, आणि सहा एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप सावरणारी यंत्रणा) सगळ्यात खालच्या मॉडेललासुद्धा. आण्णांच्या गाडीत स्टीअरिंगवर एसआरएस (ही एअरबॅगची खूण) लिहिलंय का बघा, त्या काळी एअरबॅग बहुतेक गाड्यांना नसायची. घरात लहान पोरं असतील तर मी याच मुद्द्यावर तुमच्या बाजूनं आहे.

आवाजाचं म्हणाल तर सकाळी थंड इंजिन चालू करताना पहिली काही सेकंद खडखड येतेय का ऐका. इंजिनातली टायमिंग चेन किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर असू शकतोय, ओळखीच्या मेस्त्रीला दाखवा, लांबवू नका. आणि २००८ ची म्हणजे आरसीची पंधरा वर्षं २०२३ लाच झाली, रिन्यू केलाय ना? पाच वर्षांसाठी करून मिळतंय. केला असेल तर आण्णांना ती गाडी राहू दे, तुम्ही तुमची घ्या, भांडण कशाला.

प्रश्न : दर आठवड्याला चोर्ला घाटातनं गोव्याला जातो, चार माणसं असतात. नवीन स्विफ्ट तीन सिलिंडरची आहे म्हणून सगळे भीती घालायलेत. ओढेल काय? — एक वाचक, खानापूर

उत्तर : ओढेल ओ. आधीच्या चार सिलिंडरचा टॉर्क ११३ एनएम, याचा ११२ च्या आसपास, घाटात फरक कळायचा नाही. थांबल्यावर थरथर थोडी जास्त जाणवते एवढंच. पण तुम्ही डिझेलवरनं येणार असाल तर सवय मोडावी लागेल, तिसऱ्या गिअरमध्ये रेटत बसू नका, वळणाच्या आधी सरळ दुसरा टाका आणि इंजिन वर फिरू द्या. उतरतानाही तोच गिअर, नाहीतर खाली पोचेपर्यंत ब्रेकचा वास. सीएनजीचा विचार असेल तर सांगतो, गॅसवर ताकद साधारण ७० पीएसवर येते आणि डिकीत सिलिंडर बसतोय, चार माणसांच्या बॅगा कुठं ठेवणार?

प्रश्न : पाहुण्यांकडनं कोल्हापूर पासिंगची, एमएच-०९, २०१६ ची स्विफ्ट मिळायलीय. बेळगावचा केए-२२ नंबर करून घ्यायलाच पाहिजे काय? आमच्या गल्लीत तर अर्ध्या गाड्या एमएच आहेत. — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : गल्लीतल्या गाड्या पाहुण्यांच्या पण असतील, सीमाभागात कोण कुठला हे आरटीओला सांगून पटत नाही. कायदा असा की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा. कोल्हापूरच्या आरटीओकडनं ना-हरकत, म्हणजे एनओसी (फॉर्म २८), लोन असेल तर बँकेचं पत्र, मग नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्नाटकचा रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणं. व्यवहार ठरवायच्या आधी हा टॅक्स किती बसतोय ते आरटीओत जाऊन विचारा आणि तेवढे पाहुण्यांच्या किमतीतनं कमी करून मागा. पाहुणे रागावतील थोडे दिवस.

प्रश्न : डिझायर म्हणजे डिकी लावलेली स्विफ्टच ना? — एक वाचक, चिकोडी

उत्तर : २००८ ला तशीच होती, आणि डिकी नंतर चिकटवल्यासारखी दिसायची. २०१२ ला चार मीटरच्या आत बसवायला ती डिकी मागनं कापल्यासारखी आखूड केली. २०१७ पासून मात्र तोंडवळा वेगळा. २०२४ च्या डिझायरला ग्लोबल एनसीएपीत पाच स्टार मिळाले, पण ते डिझायरचे, स्विफ्टच्या खात्यात धरू नका.