वायू थंड झाला की दाब उतरतो, मग इंजिन तापल्यावर ऑइल प्रेशर का उतरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेत शिकलो की वायू थंड केला की दाब कमी होतो. पण इंजिन तापलं की ऑइल प्रेशरचा काटा खाली येतो आणि तापलेल्या जमिनीवर कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं. मग हे उलटं का?

मी डिझेल इंजिनांच्या देखभालीचं काम करतो आणि हा गोंधळ मला वरचेवर ऐकायला मिळतो. शाळेतला नियम बरोबरच आहे, फक्त त्याला एक अट आहे: वायू बंद जागेत हवा आणि ती जागा लहान-मोठी होता कामा नये. ही अट पाठ करून घेतली जात नाही, नियम तेवढा पाठ होतो.

अट जिथे पाळली जाते तिथे हिशोब चोख जमतो. टायर घ्या. ३० अंश सेल्सिअसला गेज ३३ पीएसआय (टायरचा दाब मोजायचं एकक) दाखवत असेल आणि तापमान २० अंशांवर आलं, तर दाब साधारण ३१.४ होईल. हिशोब करताना गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवायचे आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायचं (सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवून): ४७.७ गुणिले २९३ भागिले ३०३, आणि शेवटी १४.७ वजा. हवा कुठेही गळलेली नसते. रेणूंचा वेग मंदावतो, ते भिंतीवर कमी जोराने आणि कमी वेळा आदळतात, एवढंच.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये, जिथे पिस्टन वर-खाली होतो, जागा बदलते. इंधन जळताना वायूचं तापमान २००० अंशांच्या पुढे जातं, दाब कित्येक पटींनी वाढतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. हे ढकलण्याचं काम वायू स्वतःच्या उष्णतेतून करतो, म्हणून तो थंड होतो. शिवाय त्याला जागाही जास्त मिळते. दोन्ही कारणं एकत्र आल्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत दाब मोजक्या काही बारवर (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाइतका) आलेला असतो. इथे दाब उतरणं हा बिघाड नाही, ते इंजिनाचं कामच आहे.

आता मोकळी हवा. वातावरणाला झाकण नाही. जमिनीवरचा हवेचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेच्या स्तंभाचं वजन, समुद्रसपाटीला सरासरी १०१३ हेक्टोपास्कल. जमीन तापली, हवा गरम होऊन प्रसरण पावली, स्तंभ उंच झाला. पण नुसत्या उंचीने वजन बदलत नाही, म्हणजे एवढ्यावर खालचा दाब उतरायलाच नको! बहुतेक ठिकाणी ‘गरम हवा हलकी, म्हणून दाब कमी’ असं एका वाक्यात उरकतात आणि नेमका मधला दुवा निसटतो. स्तंभ फुगल्यामुळे वरच्या थरांत, समान उंचीवर, शेजारच्या थंड हवेपेक्षा दाब जास्त होतो. म्हणून वरची हवा बाजूला वाहून जाते. स्तंभातली हवाच कमी झाली की मग जमिनीवरचा दाब उतरतो. हिवाळ्यात सैबेरियात याच्या उलट घडतं: थंड हवा आक्रसते, वरून आणखी हवा येऊन भरते आणि दाब चढतो. ३१ डिसेंबर १९६८ रोजी तिथल्या अगाता येथे, समुद्रसपाटीला रूपांतरित करून, १०८३.८ हेक्टोपास्कल इतका दाब नोंदला गेला होता.

उंचावर गेल्यावर दाब आणि तापमान दोन्ही उतरतात, तेव्हा ‘थंडीमुळे दाब कमी झाला’ असं वाटू शकतं. दाब मुख्यतः वरची हवा कमी उरल्यामुळे उतरतो. वर चढणारी हवा त्या कमी दाबात प्रसरण पावते आणि म्हणून थंड होते.

ऑइल प्रेशर मात्र या सगळ्यापासून वेगळं आहे, कारण तिथे वायूच नाही. ऑइल पंप दाब तयार करत नाही, तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ऑइल पुढे ढकलतो. बेअरिंगच्या बारीक फटींतून बाहेर पडताना त्या ऑइलला जो अडथळा होतो, त्यातून दाब तयार होतो. १५डब्ल्यू-४० ग्रेडचं (घट्टपणाच्या प्रतीचं) इंजिन ऑइल ४० अंशांना जितकं घट्ट असतं, त्याच्या साधारण सातव्या हिश्शाइतकंच १०० अंशांना उरतं. पातळ ऑइल फटींतून सहज निसटतं, अडथळा घटतो, काटा उतरतो. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर काटा चढलेला दिसतो, इतका की जादा ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत सोडावं लागतं. इंजिन तापून आयडलिंगला आलं, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता मंद चालू राहिलं, की तोच काटा बराच खाली बसतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वाढवले की पुन्हा चढतो. ही निरोगी इंजिनाची चाल आहे.

काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची. गरम इंजिनाच्या आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर आधी डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी बघा, मग ऑइलची ग्रेड बरोबर आहे का ते बघा. दोन्ही ठीक असतील, तर मेकॅनिककडून वेगळा गेज लावून दाब मोजून घ्या. दोष सेन्सरचा आहे की बेअरिंग झिजून फटी मोठ्या झाल्या आहेत, हे त्यावरून कळतं. आणि चालत्या गाडीत हा दिवा लागून तसाच राहिला, तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा, गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका.