जपान ओपन : ‘खुली’ स्पर्धा नेमकी कोणासाठी खुली?

प्रश्न : जपान ओपन ही त्या देशातील व्यावसायिक गोल्फमधील सर्वांत मानाची स्पर्धा समजली जाते, मात्र तिचा पहिला विजेता व्यावसायिक खेळाडू नव्हता, असे वाचनात आले. हे खरे असेल, तर एका हौशी खेळाडूने व्यावसायिकांना मागे कसे टाकले?

उत्तर : हे पूर्णपणे खरे आहे. योकोहामाजवळच्या होदोगाया कंट्री क्लबच्या मैदानावर 1927 मध्ये ही स्पर्धा पहिल्यांदा भरली आणि रोकुरो आकाबोशी या हौशी खेळाडूने 72 होलचा (चेंडू ज्यात घालायचा त्या खळग्यांचा) खेळ 309 फटक्यांत पूर्ण करून ती जिंकली; गोल्फमध्ये ज्याचे फटके सर्वांत कमी, तो विजेता. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले व्यावसायिक खेळाडू रोकुझो असामी त्यांच्यापेक्षा तब्बल 10 फटक्यांनी मागे होते. आज हा निकाल विलक्षण वाटतो. पण त्या काळच्या जपानमध्ये गोल्फ कोण खेळत होते आणि कोणाला तो शिकण्याची संधी मिळत होती, हे पाहिले की त्यात आश्चर्य उरत नाही.

जपानमध्ये गोल्फ आला तो कोबे बंदरात व्यापार करणाऱ्या परदेशी रहिवाशांबरोबर. आर्थर ग्रूम या इंग्रज व्यापाऱ्याने रोक्को डोंगरावर 1901 मध्ये चार होलची जागा तयार करून घेतली आणि 1903 मध्ये तेथे रीतसर क्लब स्थापन झाला. पुढे सधन जपानी घराण्यांतील तरुण परदेशी शिक्षणाच्या निमित्ताने हा खेळ शिकून आले. आकाबोशी त्यांच्यापैकीच एक होते. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात शिकत असताना त्यांना उत्तम मैदाने, उत्तम प्रतिस्पर्धी आणि खेळाचा शास्त्रशुद्ध अभ्यास, या तिन्ही गोष्टी मिळाल्या होत्या. व्यावसायिक खेळाडूंची वाट मात्र अगदी निराळी होती. ते बहुतेक आसपासच्या खेड्यांतील मुले होते. कॅडी म्हणून क्लबच्या सभासदांच्या पिशव्या वाहता वाहता, त्यांचे फटके निरखत आणि फावल्या वेळात हातात काठी घेऊन सराव करत ते घडले. काकुजी फुकुई 1920 मध्ये जपानचे पहिले व्यावसायिक गोल्फपटू झाले. व्यावसायिकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1926 मध्ये ओसाकाजवळच्या इबाराकी कंट्री क्लबवर झाली, तेव्हा तीत अवघे सहा खेळाडू उतरले होते. त्यामुळे जपान गोल्फ असोसिएशनने पुढच्याच वर्षी हौशी आणि व्यावसायिक अशा दोघांसाठीही खुली स्पर्धा जाहीर केली, तेव्हा हौशी खेळाडूंची संख्या अधिक होती आणि खेळाचे ज्ञानही त्यांच्याकडेच अधिक होते.

हे चित्र किती झपाट्याने पालटले, ते मला पहिल्या निकालापेक्षाही महत्त्वाचे वाटते. दुसऱ्याच वर्षी, 1928 मध्ये, असामी यांनी विजेतेपद मिळवले. त्यानंतर रोक्कोच्या डोंगरावर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या तोमेकिची मियामोतो यांनी 1929 ते 1940 या काळात ही स्पर्धा सहा वेळा जिंकली. एकाच खेळाडूच्या नावावर सर्वाधिक विजेतेपदे असण्याचा हा विक्रम आजही अबाधित आहे. ज्यांना क्लबच्या दिवाणखान्यात प्रवेश नव्हता, त्यांनी पहिल्याच दशकात या चषकावर आपला हक्क सिद्ध केला. ज्या मैदानावर ही सुरुवात झाली ते मात्र आता अस्तित्वात नाही. होदोगाया क्लब 1960 च्या दशकात दुसऱ्या जागी हलला आणि जुन्या जागेवर योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठाचे आवार उभे आहे.

प्रश्न : 1941 च्या विजेत्याचे नाव वेगवेगळ्या ठिकाणी दोन प्रकारे आढळते. यातील खरे कोणते?

उत्तर : खरे नाव योन डॉक-चुन. ते सोलचे रहिवासी आणि कोरियाचे पहिले व्यावसायिक गोल्फपटू होते. त्यांनीही कॅडी म्हणूनच या खेळात पाऊल टाकले आणि व्यावसायिक होण्यासाठी ते जपानला गेले. कोरिया त्या वेळी जपानच्या राजवटीखाली होता. कोरियन माणसांनी जपानी पद्धतीची नावे घ्यावीत, असे धोरण त्या राजवटीने 1940 पासून राबवले होते आणि पुढच्याच वर्षी योन यांनी जपान ओपन जिंकली. त्यामुळे विजेत्यांच्या यादीत त्यांची नोंद ‘नोबुहारा’ या जपानी आडनावाने आणि जपानचे खेळाडू म्हणून झाली. ही नोंद आठ दशकांहून अधिक काळ तशीच राहिली. दक्षिण कोरियाच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेने पाठपुरावा केल्यानंतर, 2025 मध्ये जपानच्या संघटनेने त्यांचे मूळ नाव आणि राष्ट्रीयत्व नोंदीत दुरुस्त केल्याचे जाहीर झाले. त्या वेळी योन हयात नव्हते. खेळाच्या नोंदी म्हणजे केवळ आकड्यांची जंत्री नसते; मैदानावर घाम गाळून मिळवलेली गोष्ट ज्याची त्याच्या नावावर असावी, एवढी साधी अपेक्षा पूर्ण व्हायला इतका काळ लागला, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. कोरियात मात्र त्यांचा विसर कधीच पडला नव्हता. वर्षभरात फटक्यांची सर्वांत कमी सरासरी राखणाऱ्या व्यावसायिकाला तेथे त्यांच्याच नावाचा पुरस्कार दिला जातो.

योन हे एकटे उदाहरण नव्हे. 1937 चे विजेते चेन चिंग-शुई आणि 1938 चे विजेते लिन वान-फू हे दोघेही तैवानचे होते आणि तैवानही तेव्हा जपानच्याच ताब्यात होता. त्या बेटावरील तामसुईच्या मैदानाने पुढेही अनेक उत्तम खेळाडू घडवले. तेथील चेन चिंग-पो यांनी 1959 मध्ये जपान ओपन जिंकली, तेव्हा मात्र राजवट बदललेली होती.

योन यांच्या विजयानंतर 1942 ते 1949 या काळात स्पर्धा भरलीच नाही. युद्धाने खेळाडू नेले आणि जमिनीही नेल्या. तोक्यो गोल्फ क्लबचे आसाका येथील मैदान तर त्याआधीच, 1940 मध्ये, लष्कराच्या ताब्यात गेले होते आणि क्लबला सायामा येथे बस्तान हलवावे लागले होते. 1950 मध्ये योशिरो हायाशी यांच्या विजयाने स्पर्धा पुन्हा सुरू झाली. स्पर्धेत पडलेल्या या खंडाचा एका खेळाडूच्या आयुष्याशी कसा संबंध आला, ते पाहण्यासारखे आहे : तोइचिरो तोदा यांनी 1939 मध्ये जपान ओपन जिंकली आणि त्यांचे दुसरे विजेतेपद आले ते थेट 1963 मध्ये.

प्रश्न : ही स्पर्धा सर्वसामान्य जपानी प्रेक्षकांपर्यंत कधी पोहोचली? तिच्या इतिहासातील कोणता क्षण आपण आवर्जून सांगाल?

उत्तर : तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो यांच्या जोडीने 1957 मध्ये कासुमिगासेकी येथे कॅनडा चषक ही देशोदेशींच्या जोड्यांची स्पर्धा जिंकली आणि नाकामुरा वैयक्तिक क्रमवारीतही पहिले आले, तेव्हापासून जपानमध्ये गोल्फची लाट उसळली. नाकामुरा यांनी स्वतः जपान ओपन तीन वेळा जिंकली होती. 1973 मध्ये व्यावसायिक स्पर्धांची वार्षिक मालिका आकाराला आली आणि परदेशी खेळाडूंची ये-जा वाढली. स्पेनचे सेव्ह बाय्येस्तेरोस यांनी 1977 आणि 1978 अशी लागोपाठ दोन वर्षे ही स्पर्धा जिंकली. पहिल्या विजयाच्या वेळी ते अवघे 20 वर्षांचे होते.

आवर्जून सांगावा असा क्षण मात्र 1988 चा आहे. स्पर्धा तोक्यो गोल्फ क्लबवर, म्हणजे वर उल्लेख केलेल्या सायामाच्या मैदानावर होती. इसाओ आओकी, त्सुनेयुकी नाकाजिमा आणि ‘जम्बो’ या टोपणनावाने ओळखले जाणारे मासाशी ओझाकी, असे त्या पिढीतील तिन्ही दिग्गज शेवटपर्यंत झुंजत होते. शेवटच्या ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, ओझाकी यांच्यासमोर मीटरभराहूनही कमी अंतराचा पट (चेंडू हळूच होलाकडे ढकलण्याचा फटका) उरला होता. तो आत गेला की एका फटक्याने विजय, हुकला की बरोबरी. बेसबॉलच्या व्यावसायिक मैदानावर गोलंदाजी करून आलेला हा धिप्पाड माणूस चेंडूपाशी उभा राहिला आणि हात थरथरू लागल्याने मागे सरला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा मागे सरला. तिसऱ्या वेळी त्यांनी पट मारला आणि चेंडू होलात गेला. त्यापूर्वी 1974 मध्ये त्यांनी ही स्पर्धा जिंकलेली होती आणि विजेतेपदे त्यांना काही नवी नव्हती. तरीही याच स्पर्धेत त्यांचे हात थरथरले, यावरून खेळाडूंच्या मनात तिचे स्थान काय आहे ते कळते. पुढे 1989, 1992 आणि 1994 मध्येही ते जिंकले, तर त्यांचे धाकटे भाऊ नाओमिची यांनी 1999 आणि 2000 या वर्षी विजेतेपद मिळवले.

प्रश्न : आकाबोशी यांच्यानंतर कोणा हौशी खेळाडूने ही स्पर्धा जिंकली आहे का? जिंकल्यास बक्षिसाच्या रकमेचे काय होते?

उत्तर : होय, परंतु त्यासाठी 95 वर्षे जावी लागली. तोहोकु फुकुशी विद्यापीठाचा विद्यार्थी ताइगा सेमिकावा याने 2022 मध्ये, वयाच्या 21 व्या वर्षी, ह्योगो प्रांतातील सान्को गोल्फ क्लबवर काझुकी हिगा यांना एका फटक्याने मागे टाकून हा चषक उचलला. त्याच मोसमात त्याने पॅनासॉनिक ओपनही हौशी म्हणूनच जिंकली होती. जपान ओपनमध्ये अशी संधी त्याआधी 2017 मध्ये ताकुमी कानाया याच्या हातून अगदी थोडक्यात निसटली होती. तेव्हा युता इकेदा यांनी त्याला एका फटक्याने हरवले होते. महिलांच्या जपान ओपनमध्ये नासा हाताओका हिने 2016 मध्ये 17 व्या वर्षी हौशी म्हणून विजेतेपद मिळवले होते, हेही येथे नमूद करायला हवे.

हौशी खेळाडूला बक्षिसाची रक्कम स्वीकारता येत नाही. पहिल्या क्रमांकाची रक्कम त्याच्या पाठोपाठ आलेल्या व्यावसायिकाला मिळते; चषक आणि विजेत्यांच्या यादीतील नाव मात्र हौशी खेळाडूचेच राहते. आकाबोशी आणि सेमिकावा यांचे विजय एकसारखे भासले, तरी त्यांच्यात मूलभूत फरक आहे. आकाबोशी जिंकले तेव्हा व्यावसायिक मोजकेच होते आणि शिकण्याची साधने हौशी मंडळींच्या हाती होती. सेमिकावा जिंकला तो अनेक दशके मुरलेल्या, पूर्ण वेळ खेळणाऱ्या व्यावसायिकांच्या भरगच्च यादीतून वाट काढून. आकाबोशी यांनी नंतर सागामी आणि आबिको येथील मैदानांची आखणी केली, पण खेळाडू म्हणून ते हौशीच राहिले. सेमिकावा मात्र त्या विजयानंतर लवकरच व्यावसायिक झाला.